मुलं कोडिंग शिकतात तेव्हा आईनं काय करायचं?

चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या, गोठ्यात रेडिओ टांगून धार काढणाऱ्या, अशा सगळ्या ताई, वहिनी, काकूंना आम्हा सहयोगिनींचा नमस्कार.

या वेळेला आपण एरवी शेळ्यांच्या लसी, गटाचं दप्तर, बँकेचं केवायसी असलं बोलत असतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, मुलांचं कोडिंग. तो आम्ही निवडला नाही, बैठकांमधून आला. गेल्या काही महिन्यांत कर्जमागणीच्या अर्जात शेळी, बी-बियाणं, दवाखाना यांच्या जोडीला एक नवं कारण लिहून यायला लागलं, ‘मुलाचा कोडिंग क्लास’. एका गटात तर मागणी होती अठरा हजारांची. गट तेरा बायांचा, महिन्याला शंभर रुपये बचतीचा. म्हणजे अख्ख्या गटाची जवळजवळ चौदा महिन्यांची बचत एका पोराच्या क्लासला. देऊ नका असं कुणी म्हणेना, द्या असंही कुणाला म्हणवेना, कारण कोडिंग म्हणजे नक्की काय हे बैठकीत कुणालाच सांगता येईना. ज्या ताईंची मागणी होती त्या एवढंच म्हणाल्या, “मला काय त्यातलं कळतंय? म्हणून तर क्लास लावायचा.”

आम्ही सहयोगिनीही बी.ए. वाल्या, संगणकाची पदवी आमच्यात कुणाकडे नाही. तरी गेलं वर्षभर दर शनिवारी शाळेच्या संगणक खोलीत मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर आम्ही बसतो आहोत. तिथं जे पाहिलं त्यावरून सांगतो. मूल पहिल्यांदा कोडिंग शिकतं तेव्हा आईला कोडिंग येण्याची गरज नसते. आई शेजारी बसायला लागते, आणि तिनं दोन-तीन प्रश्न विचारायला लागतात. ते प्रश्न कोणते, त्याकडे येतोच.

आधी कोडिंग म्हणजे काय ते पाहू. यंत्राला काम सांगणं, एवढंच ते आहे. घरात धाकट्या जावेला ‘चहा टाक’ म्हटलं की माणसं किती, साखर किती, कुणाला बिनसाखरेचा, हे तिचं तिला कळतं. यंत्राला आपोआप काही कळत नाही. त्याला एकेक पायरी सांगावी लागते, क्रमानं सांगावी लागते, आणि जे सांगितलं तेवढंच ते करतं. गॅस पेटव म्हणायचं राहिलं तर ते थंड पाण्यात साखर घालून बसेल.

आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो आठवा. रात्री दोनला लाईट येते, आपण झोपेत असतो, मोटार आपली चालू होते. त्या डब्याची रीत काय? तिन्ही फेज आले असतील तर थोडं थांब आणि मोटार चालू कर, एखादा फेज गेला तर बंद कर. साध्या ऑटोत प्रोग्राम नसतो, रिले असतात, पण विचार तोच. ‘असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ या एका वाक्यावर कोडिंगचा निम्मा कारभार चालतो.

डेअरीवरचं मशीन तर रोजचं आहे. आपण किटली ओततो, मशीन फॅट बघतं, एसएनएफ बघतं, लिटर मोजतं आणि पावती बाहेर येते. इतकी फॅट असेल तर इतका दर, त्याला लिटरनं गुणायचं, हे कुणीतरी माणसानं त्याला सांगून ठेवलेलं असतं. आपण पावतीकडे बघून ‘मशीनच म्हणतंय’ असं म्हणतो आणि घरी येतो. मशीन स्वतःचं काही म्हणत नाही, त्याला सांगितलेलं ते म्हणतं. दरपत्रक जुनंच भरलेलं राहिलं असेल तर पावतीही जुन्याच दराची निघेल. आमच्याकडे येणारी सातवी-आठवीची मुलं आता डेअरीवर गेली की विचारतात, ‘याच्यात दर कधी भरलाय?’ डेअरीवाले वैतागतात, पण सांगतात. आम्हाला विचाराल तर मुलांनी कोडिंग शिकण्याचं हे कारण नोकरीपेक्षा जवळचं आहे. नोकरी मिळेल तेव्हा मिळेल, दूध रोज दोन वेळा घालायचं आहे.

आणि आपल्याला यातलं काहीच येत नाही, हेही खरं नाही. ठिपक्यांची रांगोळी घ्या. ‘नऊ ते पाच’ असं एकीनं म्हटलं की दुसरीला सगळं कळतं. मधल्या ओळीत नऊ ठिपके, मग वरच्या बाजूला आठ, सात, सहा, पाच, आणि तसंच खालच्या बाजूला. यंत्राला हेच सांगायचं तर असं सांगावं लागेल: नऊ ठिपक्यांची ओळ घाल, ठिपका एकानं कमी कर, पुढची ओळ दोन ठिपक्यांच्या मधून सुरू कर, पाच येईपर्यंत हेच परत कर, मग खालच्या बाजूला परत तेच कर. सगळे मिळून ६१ ठिपके होतात, मोजून बघा. ‘अमुक होईपर्यंत परत कर’ याला कोडिंगमध्ये लूप म्हणतात. स्वेटर विणणाऱ्या ताई ‘दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत’ म्हणतात, तोही लूपच.

मुलांनी कोडिंग शिकावं हा विचार कालपरवाचा नाही. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन, वॉली फॉयरझाइग आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा तयार केली. पुढे तिच्यात एक कासव आलं. पुढे चाल, उजवीकडे वळ असं मुलानं सांगायचं आणि कासवानं चालता चालता रेघ ओढायची. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, गणिताचे माणूस. त्यांचं म्हणणं असं, की संगणकानं मुलाला शिकवायच्या ऐवजी मुलानं संगणकाला शिकवावं. आणि कासव कुठं चुकलं हे कळत नसेल तर मुलानं स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून बघावं. हे शेवटचं आपण लक्षात ठेवू, पुढे फार उपयोगी पडलं.

त्याच वाटेनं २००७ साली ‘स्क्रॅच’ आलं. ते अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तयार झालं. आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि फुकट आहे. पाच ते सात वर्षांच्या पोरांसाठी ‘स्क्रॅच ज्युनिअर’ वेगळं आहे, त्यात वाचावं लागत नाही, चित्रांवर भागतं. स्क्रॅचमध्ये टाइप करायचं फार थोडं. रंगीत तुकडे असतात, ते ओढून एकाखाली एक बसवायचे. चालण्या-वळण्याचे तुकडे निळे, ‘परत कर’, ‘थांब’, ‘असं असेल तर’ हे नारिंगी, सुरुवात करून देणारे पिवळे. पडद्यावर एक मांजर असतं. तुकडे जोडून हिरवा झेंडा दाबला की मांजर सांगितल्याप्रमाणे वागतं.

इंग्रजीला घाबरू नका. त्यात भाषा बदलायची सोय आहे, आणि इंग्रजीतच ठेवलं तरी मूव्ह, टर्न, रिपीट, वेट, इफ असे वीसेक शब्द आले की पोरांचं भागतं. नेटची काळजी असेल तर तीही सांगतो. संगणकावर एकदा स्क्रॅच उतरवून घेतलं की पुढे नेट लागत नाही. आमच्या खोलीत नेट निम्मा वेळ नसतंच, काम अडलेलं नाही. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर तुकडे ओढणं मात्र जिकिरीचं होतं, मुलं कंटाळतात. संगणक किंवा टॅब बरा.

पण पहिल्याच दिवशी संगणकापुढं बसवू नका. आम्ही पहिला शनिवार अंगणातच घालवतो. आई होते यंत्र, मूल सांगणारं. ‘आई, तीन पावलं पुढं. उजवीकडे वळ. दोन पावलं पुढं. घागर उचल.’ आईनं सांगितलं तेवढंच करायचं, वर काही करायचं नाही. एका मुलानं वळायला सांगितलंच नाही, त्याची आई सरळ जाऊन तुळशी वृंदावनाला धडकून उभी राहिली आणि जागच्या जागी पावलं टाकत राहिली. सगळी आळी हसली. तो मुलगा पुढे संगणकावर कधी वळण विसरला नाही. हा खेळ घरी खेळायला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, आणि आईला थोडा वेळ पोराचं ऐकायला लागतं याची पोरांना काय मजा वाटते म्हणून सांगू!

दुसऱ्या शनिवारी संगणक. मांजराला चौकोन काढायला लावायचा. स्क्रॅचमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात एक बटण आहे, तिथून पेन घेता येतं, मग मांजर चालेल तिथं रेघ उमटते. चार वेळा परत कर: १०० पावलं चाल, ९० अंश वळ. चौकोन बहुतेक सगळ्यांना जमतो.

गंमत त्रिकोणात आहे. सहावीतली एक मुलगी होती. तिची आई चौथीपर्यंत शिकलेली, खुरपणीवरून थेट शाळेत आलेली. सारख्या बाजूंच्या त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, हे मुलीला पुस्तकातून पाठ होतं. म्हणून तिनं सांगितलं: तीन वेळा परत कर, १०० पावलं चाल, ६० अंश वळ. झेंडा दाबला. त्रिकोण काही झाला नाही. विळ्यासारखं एक उघडं तोंड झालं आणि मांजर भलतीकडेच जाऊन उभं राहिलं. मुलगी रडकुंडीला आली. “बिघडलाय हा कम्प्युटर. पुस्तकात ६० च आहे.”

आई म्हणाली, “तू त्याला काय सांगितलंस ते मला सांग.” मुलीनं सांगितलं. “आणि त्यानं काय केलं?” तेही सांगितलं. मग आई म्हणाली, “चल भाईर, चालून बघू.”

अंगणात काठीनं त्रिकोण ओढला. आई एका बाजूवरून चालत कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. तोंड अजून सरळ पुढं. आता दुसऱ्या बाजूला लागायचं तर वळायचं किती? वळली. मुलगी म्हणाली, “एवढी?” आई म्हणाली, “मग! जवळजवळ मागंच तोंड फिरवायला लागलं की.” चौकोनात ती पाव वळली होती, म्हणजे ९०. इथं पावापेक्षा जास्त. मग ते ६० कसं असेल? मुलगी गप्प झाली. आई तिन्ही कोपऱ्यांवर वळून पहिल्या जागी, पहिल्यासारखंच तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, “सगळं मिळून मी एकदा गरागरा फिरले बघ. वडाला एक फेरा घातल्यागत.”

अख्खा फेरा ३६० अंशांचा, हे मुलीला येत होतं. तीन कोपऱ्यांत वाटला की १२०. ती आत पळाली, ६० पुसून १२० घातले, झेंडा दाबला आणि त्रिकोण झाला.

सरांनी मग समजावलं, की पुस्तकातले ६० खोटे नाहीत. तो आतला कोन. चालणारा माणूस वळतो बाहेरून, ते १२०. दोन्ही मिळून १८०. पण सरांच्या आधी हे त्या दोघींनी चालून काढलं होतं. पुढे पोरीनं थांबायचं नावच घेतलं नाही. पाच कोपरे केले, ३६० भागिले ५, ७२ अंश. सहा कोपरे केले तेव्हा तिचे पहिले ६० अंश तिथं बरोबर निघाले, तीनच्या जागी सहा वेळा चालवलं की झालं. मग चौकोन काढ, १० अंश वळ, असं ३६ वेळा सांगितलं. त्याचं एवढं सुंदर जाळीदार फूल झालं, की शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी हात पुसत बघायला आल्या आणि म्हणाल्या, “ही दिवाळीला दारात काढायची.”

त्या आईनं कोणते प्रश्न विचारले ते लक्षात आलं असेल. तू त्याला काय सांगितलंस? त्यानं काय केलं? यात आम्ही एक प्रश्न जोडतो, तो झेंडा दाबायच्या आधी विचारायचा: आता काय होईल, तुला काय वाटतं? मूल आधी अंदाज सांगतं, मग बघतं, आणि दोन्ही जुळलं नाही की स्वतःच शोधायला लागतं. उत्तर आपल्याला माहीत असायची गरज नाही. खरं सांगायचं तर माहीत नसतं तेच बरं, कारण ज्याला येतं तो पटकन माऊस हातात घेतो. ‘थांब, मी दाखवतो’ म्हणणारे दादा आणि काका मुलांचं शिकणं सगळ्यात जास्त अडवतात असं आमचं मत झालं आहे. त्यांचा हेतू चांगला असतो, आम्ही त्यांना पाणी देऊन बाहेर पारावर बसवतो.

प्रोग्राम चुकला की पोरं घाबरतात, कारण शाळेत चूक म्हणजे लाल रेघ. इथं चूक ही रोजची गोष्ट आहे. कोडिंगच्या चुकीला ‘बग’ म्हणतात, म्हणजे किडा. शब्द जुना आहे, पण १९४७ साली एक खराखुरा किडा सापडला. हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क टू नावाचा खोलीभर पसरलेला संगणक होता, त्याच्या रिलेत एक पतंग अडकला. तिथल्या लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि शेजारी लिहून ठेवलं. त्या चमूत ग्रेस हॉपर नावाच्या बाई होत्या, त्या पुढे ही गोष्ट सगळीकडे सांगत. आमच्या खोलीतही एक वही ठेवली आहे. सापडलेला किडा त्यात लिहायचा: काय सांगितलं, काय झालं, कुठं सापडलं. मुलं आता ‘माझं चुकलं’ म्हणत नाहीत, ‘किडा घावला’ म्हणतात.

ग्रेस हॉपरांचं नाव निघालंच आहे तर आणखी एक सांगतो. ‘पोरीला कशाला हे’ म्हणणारं घरात कुणी असेल तर त्यांना सांगा, की १८४३ साली इंग्लंडच्या एडा लव्हलेस या बाईंनी, अजून बांधूनही न झालेल्या यंत्रासाठी आकडेमोडीच्या पायऱ्या लिहून छापल्या, त्याला पहिला प्रोग्राम म्हणतात. १९४६ साली अमेरिकेत एनिअ‍ॅक नावाचा मोठा संगणक जगापुढं आला, त्याला कामं लावून देणाऱ्या सहा जणी होत्या, सगळ्या बायाच. बायकांना हे जमत नाही ही समजूत त्यांच्यानंतरची आहे.

इतिहास असा, आणि आमच्या खोलीतली हजेरी अशी. पहिल्या दोन शनिवारी मुलं चौदा आली, त्यात मुली पाच. विचारलं तर कळलं, शनिवारी दुपारी मुलींना पाणी, धुणं आणि धाकटं भावंड. ज्या आल्या त्यांच्या हातात माऊस नाही. एका संगणकापुढं भाऊ-बहीण बसले की माऊस भावाकडे, बहीण ‘बघतेय’. घरात एकच फोन असला तरी हेच, आधी बाप, मग दादा, उरलेल्या वेळात ती, तोवर चार्जिंग संपलेलं. म्हणून आम्ही नियम केला. एका संगणकापुढं दोघं. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्यानं फक्त तोंडानं सांगायचं. दर दहा मिनिटांनी गजर, की अदलाबदल. भांडणं झाली, पहिल्या महिन्यात तर भरपूर झाली, एक आजोबा तक्रार घेऊनही आले. नियम तसाच ठेवला. सांगणाऱ्याला नीट शब्दांत सांगावं लागतं आणि करणाऱ्याला ऐकावं लागतं, त्यामुळे दोघांचंही पक्कं होतं, हे मागाहून लक्षात आलं.

आता क्लासबद्दल. आम्ही क्लासच्या विरोधात नाही. पण सहा-सात वर्षांच्या पोराच्या आईला फोन करून ‘आत्ता नाही लावलं तर मूल मागं पडेल’ असं जो सांगतो त्याच्यापासून सावध राहा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग आणायचं म्हटलं आहे ते सहावी ते आठवीच्या टप्प्यावर. पैसे भरायच्या आधी विचारा, शिकवणारा मराठीत बोलणार का? पहिल्या महिन्यात मूल स्वतःच्या हातानं काय करून दाखवेल? मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतात का, आणि ते लेखी आहे का? आणि मुख्य म्हणजे, हप्ते करून देतो म्हणतात तेव्हा ते कुठल्या कंपनीचं कर्ज आपल्या नावावर काढतायत? फोनवर ओटीपी सांगून टाकला की कर्ज झालं, क्लास आवडो न आवडो.

त्या अठरा हजारांच्या मागणीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. गटानं अर्ज नामंजूर केला नाही, दोन महिने पुढं ढकलला आणि इतिवृत्तात लिहिलं, ‘आधी मुलाला शाळेच्या खोलीत पाठवून बघावे.’ मुलगा तीन शनिवार आला, चौथ्या शनिवारी क्रिकेटला गेला. त्यात त्याचं काही बिघडलं नाही, आठवीच्या पोरानं खेळावं. पण हप्ता काही क्रिकेटला गेला नसता, तो दर महिन्याच्या पाच तारखेला घरीच आला असता. त्याच्याबरोबर धाकटी बहीण यायची, पाचवीतली. तिच्यासाठी कुणी अर्ज केला नव्हता. ती अजून येते. परवा तिनं शेळ्यांचा खेळ केला, कोल्हा शिवला की एक शेळी कमी. आईनं विचारलं, “आणि व्याली की?” ती म्हणाली, “ते सांगायचं राहिलंच,” आणि परत बसली.

काही ताई विचारतात, आता तो एआय का काय ते सांगितलं की प्रोग्राम लिहून देतो, मग पोरांनी शिकायचं कशाला? लिहून देतो, खरं आहे. पण काय हवं ते त्यालाही नीट सांगावं लागतं, आणि त्यानं दिलेलं बरोबर आहे की त्यात किडा आहे हे बघावं लागतं. अंगणात चालून बघणं त्यालाही चुकत नाही, त्याच्या वतीनं आपल्याला चालावं लागतं.

एक काळजी घ्या. स्क्रॅचवर खातं न उघडताही सगळं करता येतं. मूल आपलं काम इतरांना दाखवायचं म्हणून खातं उघडणार असेल तर त्यात खरं नाव, गाव, शाळा, फोन नंबर घालू देऊ नका, टोपणनाव घ्यायला सांगा. पासवर्ड आईला माहीत असावा.

ज्या गावात शाळेची संगणक खोली बंद पडून आहे तिथल्या गटांनी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला अर्ज द्यावा. समितीत पालक असतात, बायाही असतात, तुमच्यापैकी कुणी असेलच. चावी कुणाकडे, लाईट बिल कुणी भरायचं, कोण थांबणार, हे तिघं-चौघं मिळून ठरवलं की खोली उघडते. आमच्याकडे दोन संगणक चालू होते, चार बंद. गावातल्याच मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मुलानं बंदमधले दोन चालू करून दिले, पैसे घेतले नाहीत, फक्त त्याच्या भाचीला यादीत घ्या म्हणाला.

आमची खोली दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, साडेअकरा ते दीड उघडी असते. पाचवीपासून पुढची मुलं चालतील. आईनं, आजीनं किंवा मावशीनं बरोबर यावं, निदान पहिले दोन शनिवार. येताना एक जुनी वही आणा, पाण्याची बाटली आणा. मुलगी येणार असेल तर त्या दिवशीचं पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवा, नाहीतर तिच्या भावाला भरायला सांगा.